उतरलेल्या हिरड्यांची शस्त्रक्रिया: कोणी करून घ्यावी, कशी होते आणि नंतरचे पंधरा दिवस कसे काढावेत

दाताच्या मुळावरून सरकून गेलेली हिरडी हळद-मीठ चोळून, तेलाच्या गुळण्या करून किंवा बोटाने मालिश करून परत जागेवर येत नाही. सूज उतरते, रक्त यायचं थांबतं, पण उघडं पडलेलं मूळ उघडंच राहतं. ते झाकायचं असेल तर शस्त्रक्रिया हा एकच मार्ग आहे. ती खुर्चीत बसूनच, जागेवर भूल देऊन होते आणि एक-दोन दातांसाठी साधारण एक ते दीड तास लागतो. तिचं यश दोन गोष्टींवर ठरतं, रक्तपुरवठा आणि स्थिरता. मूळ हा कठीण, रक्तवाहिन्या नसलेला पृष्ठभाग असल्यामुळे त्यावर बसवलेल्या हिरडीला पोषण मिळतं ते फक्त आजूबाजूच्या जिवंत भागातून. ते पोचेपर्यंत तिथे जराही हालचाल झाली तर सगळी मेहनत वाया जाते. पुढे दिलेल्या बहुतेक सूचना, काही जाचक वाटल्या तरी, याच एका कारणासाठी आहेत.

शस्त्रक्रियेची खरंच गरज आहे का

हिरडी थोडी उतरलेली आहे, पण कळ येत नाही, हसताना दिसत नाही, ब्रश नीट फिरतो आणि दोन वर्षांपूर्वीच्या फोटोच्या तुलनेत फरकही पडलेला नाही, असं असेल तर घाई करू नका. दर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात, ओठ बाजूला करून फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडून मापंही लिहून घ्या. फक्त गार पाण्याने कळ येत असेल तर आधी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट सलग चार आठवडे वापरा किंवा दवाखान्यात फ्लोराइड व्हार्निश लावून घ्या. मूळ झाकायला लागणारा तुकडा बहुधा टाळूतून काढतात; निव्वळ कळ थांबवण्यासाठी थेट टाळू कापून घेण्यात शहाणपणा नाही.

शस्त्रक्रियेचा विचार करावा अशा परिस्थिती वेगळ्या आहेत. उतार वाढतच चाललाय. खालच्या पुढच्या दातांपाशी घट्ट गुलाबी हिरडीची पट्टी जवळजवळ संपली आहे आणि ओठ ओढला की कड हलते. ब्रश लावला की दुखतं, म्हणून ती जागा चुकवली जाते आणि तिथे कीटण साठतं. दातांना तारा लावायच्या आहेत आणि दात बाहेरच्या बाजूला सरकवायचे आहेत, पण तिथली हिरडी कागदासारखी पातळ आहे. किंवा वरचा सुळा लांब दिसतो आणि ते मनाला खटकतं. हेही पुरेसं कारण आहे, त्याबद्दल संकोच करायची गरज नाही.

मोजमाप: पहिल्या भेटीतच या गोष्टी विचारा

हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टॉलॉजीत एमडीएस केलेले डॉक्टर, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई वापरून तीन मापं घेतात. इनॅमल संपून मूळ सुरू होतं त्या रेषेपासून हिरडीच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे उतार. कडेपासून आत सळई जाते तितका कप्पा. आणि कडेपासून सैल लालसर अस्तर सुरू होईपर्यंत घट्ट हिरडीची रुंदी. उतार ३ मिमी आणि कप्पा २ मिमी असेल तर दाताचा आधार एकूण ५ मिमीने कमी झालाय. घट्ट हिरडी ३ मिमी दिसत असली आणि त्यातला २ मिमी कप्प्याचाच असला, तर दाताला खरोखर चिकटलेली हिरडी फक्त १ मिमी उरते. वरवर पाहून हे कळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची जागा म्हणजे दोन दातांमधली. तिथलं हाड आणि हिरडीचा त्रिकोण शाबूत असेल तर पुढचं मूळ पूर्ण झाकलं जाण्याची अपेक्षा धरता येते. २०११ पासून वापरात आलेल्या, कैरो या संशोधकाच्या वर्गीकरणात याला आरटी१ म्हणतात (आरटी म्हणजे रिसेशन टाइप, उताराचा प्रकार). मधला आधार गेलाय, पण पुढच्या बाजूइतका किंवा त्याहून कमी, तर आरटी२. इथे काही दातांवर पूर्ण, बऱ्याच दातांवर अर्धवट आवरण मिळतं. मधला आधार पुढच्यापेक्षाही जास्त गेला असेल तर आरटी३, आणि तिथे पूर्ण झाकण्याचं आश्वासन कोणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जुन्या फायलींत याऐवजी मिलरचे १९८५ चे चार वर्ग लिहिलेले दिसतील. त्यातला पहिला आणि दुसरा ढोबळमानाने आरटी१ मध्ये बसतात. पायरियाने हाडच झिजलेल्या माणसाची हिरडी उतरली असेल तर बहुधा आरटी२ किंवा आरटी३ निघतं. तिथे आधी पायरियाचा उपचार करून कप्पे भरून यायची वाट पाहावी लागते, टाळूचा तुकडा लावण्याची गोष्ट नंतर.

दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीला लागून, जोरजोरात ब्रश घासून खाच पडली असेल तर इनॅमल आणि मुळाची सीमारेषाच पुसलेली असते. मग हिरडी कुठपर्यंत आणायची याचा अंदाज बाजूच्या दातांवरून आणि मधल्या त्रिकोणाच्या उंचीवरून काढतात. खाचेचा दाताच्या टोकाकडचा भाग शस्त्रक्रियेआधी दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरतात आणि मुळाकडचा भाग हिरडीने झाकतात. "सगळी खाच भरून टाका, मग बघू" असं करून घेतलं तर हिरडी चिकटायची जागाच भरणाने अडवली जाते, म्हणून खाच भरण्याआधी तज्ज्ञांचं मत घ्या.

कारण काढल्याशिवाय सुरी लावू नये

ज्यामुळे हिरडी उतरली ते कारण चालूच राहिलं तर वर्षभरात पुन्हा तेच होतं. कडक ब्रश आणि आडवी घासणी हे सगळ्यांत नेहमीचं कारण. उजव्या हाताने घासणाऱ्यांचे डावीकडचे सुळे आणि त्यामागचे दात बघा, बहुधा तिथेच मूळ जास्त उघडं पडलेलं असतं. मऊ ब्रश घ्या, पकडायचा तो पेन धरतो तसा, आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवत आणायचा. ही सवय शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधी अंगवळणी पडायला हवी, कारण नंतरच्या नाजूक काळात नवीन पद्धत शिकता येत नाही.

मशेरीचा उल्लेख इथे वेगळा करायला हवा. भाजलेली तंबाखू बोटाने रोज दोनतीन वेळा दातांवर चोळायची सवय आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, घराघरात आढळते आणि बरेच जण तिला तंबाखूत धरतच नाहीत. ती तंबाखूच आहे. बोटाचं घर्षण हिरडी झिजवतं आणि निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे नुकसान दुहेरी. खालच्या ओठात तंबाखू-चुन्याची गोळी ठेवणाऱ्यांच्या बाबतीत नेमकी गोळी बसते तिथलीच हिरडी उतरलेली सापडते. सिगारेट, बिडी, गुटखा, मशेरी, काहीही असो, किमान दोन-तीन आठवडे आधी आणि सहा-आठ आठवडे नंतर पूर्ण बंद हवं. हे जमणार नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तंबाखू चालू असताना टाळूची कातडी लावून घेण्यापेक्षा शस्त्रक्रिया पुढे ढकललेली केव्हाही बरी.

ओठाच्या आतला चिमटीत धरता येणारा पडदा हिरडीच्या कडेलाच ओढत असेल तर तो आधी किंवा त्याच वेळी सोडवतात. ओठात किंवा जिभेत घातलेली धातूची रिंग काढावी लागते. हिरडीत खोल घुसवलेली कॅप किंवा रुतणारा काढता-घालता दाताचा हूक बदलून घ्यावा लागतो. मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, साधारण ७ च्या आसपास असावा. ८ च्या वर असला तर बहुतेक डॉक्टर तारीख पुढे नेतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी दंतवैद्यांना बोलू द्या. हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत, हे न विचारता सांगा. शस्त्रक्रियेआधी दोन-तीन आठवडे दातांची पूर्ण सफाई झालेली असावी. ब्रश लागताच रक्त येणाऱ्या सुजलेल्या हिरडीत टाका धरत नाही, धागा ऊतीतून कापत बाहेर येतो.

कोणती पद्धत कोणासाठी

नावं बरीच आहेत, पण विचार मुळात दोन प्रकारचे. एक, शेजारचीच हिरडी सैल करून दातावर ओढून घ्यायची. दुसरा, टाळूवरून तुकडा आणून बसवायचा. आज सर्वांत भरवशाची मानली जाते ती या दोन्हींची जोड: टाळूतून फक्त आतला तंतुमय थर काढायचा, तो मुळावर बसवायचा आणि त्यावर पुढची हिरडी पांघरायची. म्हणजे ग्राफ्टला (आणून बसवलेल्या तुकड्याला) खालून हाडावरच्या आवरणाचं आणि वरून फ्लॅपचं (सैल करून ओढलेल्या हिरडीचं), असं दोन्हीकडून रक्त मिळतं. लँगर आणि लँगर यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत वरचे सुळे आणि त्यामागच्या दातांसाठी उत्तम. हिरडी जाड होते, रंग जुळतो आणि वर्षानुवर्षं टिकते.

हिरडी आधीच जाड आणि रुंद असेल, एकाच दातावर उतार असेल, तर निव्वळ ओढून घेतलेला फ्लॅपही पुरतो. ओळीने तीन-चार दात असतील तर उभे छेद टाळून आतून बोगदा करायचा आणि त्यात ग्राफ्ट सरकवायचं, ही पद्धत बघायला हरकत नाही. मधले त्रिकोण कापले जात नाहीत, त्यामुळे रक्तपुरवठा चांगला राहतो आणि व्रणही दिसत नाहीत.

खालच्या पुढच्या दातांची गोष्ट निराळी. तिथे हिरडी पातळ, ओठाचे स्नायू जोरदार आणि ओढून आणायला घट्ट हिरडी उरलेलीच नसते. तिथे टाळूवरची वरची कातडी धरून सबंध तुकडा लावतात. तो घट्ट पट्टी वाढवतो आणि ओठाची ओढ थांबवतो, दाताचं मूळ झाकणं हा दुसरा हेतू. तोटा असा की तुकडा टाळूचाच रंग धरून राहतो आणि पंक्चर काढलेल्या ट्यूबवरच्या ठिगळासारखा फिक्कट उठून दिसतो. खालच्या ओठामागे ते चालतं, वरच्या सुळ्यावर नाही. हा तुकडा बरा होताना सुमारे पाव भाग आकसतो, म्हणून हवा त्यापेक्षा मोठाच कापतात.

टाळू कापायला नको असेल तर प्राण्यांच्या कोलॅजनची जाळी किंवा प्रक्रिया केलेली मानवी कातडी मिळते. ती महाग असते आणि बरीचशी डुकराच्या किंवा गायी-बैलाच्या ऊतीपासून बनते. धार्मिक कारणाने अडचण असेल तर आधी विचारून घ्या, दुकानातल्या वस्तूसारखी ती नंतर परत करता येत नाही. रुग्णाचंच सुमारे १० मिली रक्त नळीत घेऊन फिरवून काढलेली फायब्रिनची पातळ चकती, पीआरएफ, स्वस्त आहे आणि जखम भरायला मदत करते. पण हिरडी जाड करण्यात ती टाळूच्या ग्राफ्टची बरोबरी करत नाही. पिनहोल या २०१२ नंतर गाजलेल्या पद्धतीत एका छिद्रातून हिरडी सैल करून कोलॅजनचे तुकडे आत कोंबतात. टाळूची जखम नसते हा फायदा खरा, पण पातळ हिरडीवर तिचं नाव घ्यायच्या आधी दोनदा विचार करावा. "लेझरने हिरडी वाढते" ही जाहिरात सरळ बाजूला ठेवा, लेझर कापतो, वाढवत नाही.

टेबलावर काय होतं

आधी जागा आणि टाळू बधिर करतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन आणि १:८०,००० अॅड्रेनालिन वापरतात. टाळूतलं इंजेक्शन टोचतं, हे खरं. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी काम होत नाही, म्हणून घाईघाईत जिने चढून खुर्चीत बसू नका. दहा मिनिटं आधी पोचा.

मग उघडं मूळ हळुवार साफ करतात, टणक चकाकी येईपर्यंत. काही जण त्यावर २४ टक्के ईडीटीएचं जेल दोन मिनिटं लावून पाण्याने धुतात, म्हणजे घासल्याने बसलेला भुकटीचा थर निघतो. यानंतर दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांच्या पायथ्याशी छेद. त्रिकोणाच्या टोकापासून छेद किती खाली घ्यायचा याचं गणित ठरलेलं असतं: उतार अधिक १ मिमी. उतार ३ मिमी असेल तर टोकापासून ४ मिमी. फ्लॅप वर ओढला की त्याची नवी टोकं जुन्या त्रिकोणांवर नेमकी जाऊन बसावीत, यासाठी हे. त्या जुन्या त्रिकोणांची वरची कातडी सोलून काढतात, नाहीतर कातडीवर कातडी चिकटत नाही.

फ्लॅप उचलल्यावर खरा कस लागतो. त्याच्या मुळाशी असलेले स्नायूचे धागे दोन वेळा कापतात, आधी हाडाला समांतर, मग आतल्या अस्तराला समांतर. झालं की डॉक्टर ओठ ओढून बघतात. टाका न घालताही फ्लॅप दाताच्या मानेवर आपणहून पडून राहिला, तर काम बरोबर. धाग्याच्या जोरावर ताणून बसवला असेल तर दोन-चार दिवसांत तो मागे जाणार, कितीही सुंदर टाके घातले तरी.

टाळूवर तुकडा घ्यायची जागा ठरलेली: सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंत, हिरडीच्या कडेपासून निदान २ मिमी सोडून. फार आत जाता येत नाही, कारण तिथे टाळूची मोठी धमनी असते. टाळू उथळ असेल तर ती दातांच्या मानेपासून ७ मिमीवर असू शकते, सर्वसाधारण टाळूत १२, उंच कमानीच्या टाळूत १७. उथळ टाळूच्या माणसाकडून म्हणूनच मोठा तुकडा घेत नाहीत. ग्राफ्टची जाडी १ ते १.५ मिमी, म्हणजे एटीएम कार्डाच्या सव्वा ते दोन पट. त्याच्या खालच्या बाजूला पिवळसर चरबीचे कण दिसतात, ते सुरीने खरडून काढले नाहीत तर ग्राफ्टला रक्त पोचायला अडथळा होतो. ग्राफ्ट मुळाच्या दोन्ही बाजूंना जिवंत भागावर साधारण ३ मिमी जाईल इतकं रुंद असावं लागतं. फक्त मुळापुरतं कापलेलं ग्राफ्ट उपाशी राहतं.

मग विरघळणाऱ्या, अगदी बारीक (६-० किंवा ७-० क्रमांकाच्या) धाग्याने ग्राफ्ट जागेवर बांधतात, त्यावर फ्लॅप आणून कड दाताच्या मानेच्या १ मिमी पुढे ठेवतात, कारण बरं होताना तेवढा भाग मागे सरतोच. दाताभोवतून झोळीसारखा टाका घेऊन शेवट करतात. सगळ्यात शेवटी ओलं गॉज पाच मिनिटं हलक्या हाताने दाबून धरतात. हे कंटाळवाणं वाटलं तरी टाळायचं नसतं. ग्राफ्टखाली रक्ताची जाड गुठळी राहिली तर नव्या रक्तवाहिन्यांना ती ओलांडता येत नाही.

टाळूवर कोलॅजनचा स्पंज टाक्यांनी बांधतात किंवा आधीच बनवून घेतलेली पारदर्शक प्लेट घालतात. कातडीसह तुकडा घेतला असेल तर ही प्लेट करून घ्याच, खाताना फार आराम पडतो. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी दातांचं माप द्यावं लागतं, म्हणून हे आधी बोलून ठेवा.

नंतरचे पंधरा दिवस

भूल ओठात तीन ते पाच तास टिकते. वेदनाशामकाची पहिली गोळी ती उतरायच्या आत, काहीतरी खाऊन घ्या. सामान्यतः आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ देतात. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन दुखण्यासाठी घेऊ नका, रक्त वाहतं. प्रतिजैविक सर्वांनाच लागतं असं नाही. पहिल्या दिवशी बर्फाची पिशवी गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं, मग तितकीच विश्रांती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, घाबरायचं कारण नाही. झोपताना दोन उशा घ्या.

टाळूतून रक्त आलं तर थुंकत बसू नका, सतत थुंकल्याने गुठळी निघत राहते. स्वच्छ गॉज पाण्यात भिजवून पिळा, जखमेवर ठेवा, अंगठ्याने वर दाबून धरा आणि घड्याळ लावून २० मिनिटं हात काढू नका. मधे उचलून बघायचं नाही. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन.

ओठ ओढून टाके बघायचा मोह होणार. तो आवरा. घरातल्या कोणाला दाखवायचं म्हणून ओठ वर खेचला की फ्लॅप सुटतो, आणि ग्राफ्ट वाया जाण्यामागे हे कारण फार वेळा असतं. फोटो काढायचा तर ओठ न ताणता जेवढं दिसेल तेवढाच.

त्या जागी ब्रश नाही, धागा नाही, दोन ते तीन आठवडे. बाकीचे दात नेहमीसारखे घासा. शस्त्रक्रियेच्या जागेची सफाई ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने: १० मिली, दिवसातून दोनदा, एक मिनिट तोंडात धरून हळूच सोडून द्या. खळखळून गुळण्या नकोत. दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास अंतर ठेवा, पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा परिणाम घालवतो. चहा-कॉफी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि आठवडाभरात चवही बदलते. डाग नंतर पॉलिश करून जातात. हळद, लवंगेचं तेल, तुरटी यांतलं काहीही जखमेवर लावू नका. लवंगेचं तेल कच्च्या ऊतीला भाजतं.

जेवण पहिले दोन-तीन दिवस गार किंवा कोमट: ताक-भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, रव्याची खीर, केळं. मग दुधात किंवा आमटीत भिजवलेली पोळी. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा, चकली, शेंगदाण्याचं कूट, खसखस, तीळ दोन आठवडे वर्ज्य. कूट आणि तीळ टाक्यांत अडकतात आणि तिथून काढायला जाल तर टाका निघतो. चावणं दुसऱ्या बाजूने. आमटीतला तिखटपणा टाळूच्या जखमेला चांगलाच झोंबतो. स्ट्रॉने ओढून पिणं, दारू, व्यायामशाळा, फुगा फुगवणं किंवा बासरीसारखं वाद्य वाजवणं हे सगळं आठवडाभर तरी बंद.

काय दिसेल ते आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर चौथ्या दिवशी रात्री धास्ती बसते. टाळूवरून आणलेली कातडी उघडी असेल तर पहिल्या दोन दिवसांत ती पांढरीफट दिसते. या काळात ती रक्तावर नव्हे, खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वरचा पातळ थर राखाडी-पांढरा होऊन सुटायला लागतो, पू झालाय की काय असं वाटतं. पू नसतो, तो मेलेल्या पेशींचा पापुद्रा असतो. बोटाने किंवा कापसाने पुसू नका. त्याखालून लालभडक पृष्ठभाग निघतो, म्हणजे रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या. आठव्या-दहाव्या दिवसापासून तो लाल रंग कडेकडून गुलाबी होत जातो. याउलट काळसर पडलेला, हात न लावता हलणारा आणि दुर्गंधी येणारा तुकडा म्हणजे ग्राफ्ट दगावलेलं. तेव्हा वाट न पाहता दाखवून या. तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा गिळायला त्रास असेल तरी तसंच.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. सातव्या दिवशी एक टाका आपणहून सैल झाला तर ओढू नका, कात्रीने घरी कापू नका. टाळूची जखम दोन ते चार आठवड्यांत भरते, फक्त आतला थर घेतला असेल तर त्याहून लवकर.

बिघडतं कुठे

बिघाडाची कारणं मोजकीच. ताण देऊन बसवलेला फ्लॅप, ग्राफ्टखालची गुठळी, हलणारी जागा, तंबाखू, आणि चुकीची निवड, म्हणजे आरटी३ ला आरटी१ समजून केलेलं काम. फ्लॅप पातळ कापला गेला, ०.८ मिमीपेक्षा कमी, तर त्याचं टोक काळं पडून गळतं आणि खालचं ग्राफ्ट उघडं पडतं. थोडंसं उघडं पडलेलं ग्राफ्ट जगू शकतं, मात्र तिथला रंग वेगळा राहतो. जाड ग्राफ्टमुळे गाठ उठल्यासारखी दिसत असेल तर सहा महिन्यांनंतर वरून समपातळीत खरडून घेता येते, त्याला टाकाही लागत नाही.

अर्धवट आवरण मिळालं म्हणून लगेच पुन्हा खुर्चीत बसू नका. पहिल्या वर्षात हिरडीची कड आपणहून थोडी पुढे सरकते, विशेषतः खालच्या पुढच्या दातांवर, कधी कधी १ मिमीपर्यंत. अंतिम निकाल सहा महिने ते वर्षाने धरायचा. दुसऱ्यांदा करायचंच तर टाळूवरची तीच जागा साधारण तीन महिन्यांनी पुन्हा वापरता येते. कळ पूर्णपणे जाईलच असंही नाही, झाकलं गेलेलं मूळ आणि थांबलेली कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुठे करून घ्यावी

खासगी दवाखान्यात बिल दातागणिक, आणि कोलॅजनची जाळी लागली तर बरंच फुगतं. अंदाजपत्रकात ग्राफ्टचा प्रकार, टाळूची प्लेट, टाके काढण्याची भेट आणि काम फसलं तर दुरुस्तीचं काय, हे चारही मुद्दे लिहून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे पेरिओडॉन्टॉलॉजीचे विभाग आहेत आणि खर्च खासगीच्या मानाने फार कमी. शस्त्रक्रिया बहुधा एमडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या वाढतात, पण मापं नीट नोंदली जातात आणि फोटोही ठेवले जातात. एका दातासाठी घाई नसेल तर हा पर्याय वाईट नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अतिमऊ, शस्त्रक्रियेनंतरचा म्हणून मिळणारा ब्रश घेऊन त्या जागी सुरुवात करायची, फक्त हिरडीकडून दाताच्या टोकाच्या दिशेने आणि टूथपेस्ट अगदी थोडी. दातांमधला धागा किंवा छोटा ब्रश पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून, डॉक्टरांनी बघून हो म्हटल्यावर. क्लोरहेक्सिडीन त्याच सुमारास बंद करायचं. मग तिसऱ्या महिन्यात एक तपासणी, सहाव्यात दुसरी, आणि दोन्ही वेळा ती तीन मापं पुन्हा लिहून घ्यायची.